ओटीपोटाचे दुखणे: घाई कुठे, धीर कुठे

प्रस्तावना

बेंबीपासून जांघेपर्यंतचे अंतर जेमतेम वीतभर. एवढ्या जागेत मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग असतो, अपेंडिक्स म्हणजे आंत्रपुच्छ असते, मूत्राशय असते, मूत्रपिंडांतून खाली उतरणाऱ्या दोन नळ्या असतात. स्त्रीच्या शरीरात गर्भाशय, अंडाशये आणि गर्भनलिका असतात, पुरुषाच्या शरीरात प्रोस्टेट ग्रंथी. मोठ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू इथूनच पायांकडे जातात, आणि या सगळ्यांवर स्नायूंचे थर ताणून बसलेले असतात. यांतले काहीही बिघडले तरी माणूस दवाखान्यात येऊन एकच वाक्य बोलतो: "खाली पोटात दुखतंय."

हे पुस्तक त्या एका वाक्यामागच्या शक्यता उलगडण्यासाठी लिहिले आहे. ते घरातल्या माणसांसाठी आहे, वस्तीवर पहिली हाक जिला जाते त्या आशाताईसाठी आहे, आश्रमशाळेत रात्री-अपरात्री कण्हणाऱ्या मुलीच्या उशाशी बसणाऱ्या अधीक्षिकेसाठी आहे. ते वाचून कुणी घरबसल्या निदान करावे, अशी अपेक्षा नाही. दुखण्याकडे नीट पाहता यावे, ते डॉक्टरांना नीट सांगता यावे आणि आपल्या हातात किती वेळ आहे हे ओळखता यावे, या तीन गोष्टींसाठी ही सगळी पाने खर्च केली आहेत.

ओटीपोटाच्या दुखण्यात माणसांचे नुकसान दोन उलट दिशांनी होते. ज्या दुखण्यावर काही तासांत उपचार हवा, त्याला आपण दिवस घालवतो: ओवा चावायला देतो, पोट चोळतो, सकाळची एसटी धरू म्हणतो. आणि जे दुखणे आठवडे, महिने देऊन समजून घ्यायला हवे, तिथे पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख ठरते. उशिरामुळे फुटलेले अपेंडिक्स आणि घाईमुळे काढलेले गर्भाशय या एकाच अज्ञानाच्या दोन बाजू आहेत. घाई कुठे करायची आणि धीर कुठे धरायचा, हे ज्याला कळले त्याला या विषयातले निम्मे कळले, असे माझे ठाम मत आहे. पुढची सगळी प्रकरणे त्या मताभोवती रचली आहेत.

जागा काय सांगते, काय सांगत नाही

दुखण्याची जागा आणि बिघडलेला अवयव यांचे नाते सरळ नसते, हे आधी समजून घ्यावे लागते. आतडे कापले किंवा त्याला चटका बसला तरी त्याची वेदना फारशी होत नाही. ते ताणले गेले, आवळले गेले, सुजले किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला की वेदना होते, आणि तीही मोघम. अवयवांकडून येणारे मज्जातंतू विरळ असतात आणि दोन्ही बाजूंनी मज्जारज्जूत शिरतात. त्यामुळे ही वेदना पोटाच्या मध्यरेषेत, खोल, बोट ठेवून न दाखवता येणारी अशी असते. लहान आतड्याची कळ बहुधा बेंबीभोवती जाणवते, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची बेंबीखाली. पोटाच्या भिंतीला आतून जे पातळ अस्तर असते, त्याची गोष्ट वेगळी. त्याला त्वचेइतके नेमके मज्जातंतू मिळालेले असतात. अवयवाची सूज या अस्तराला भिडली की रुग्ण एका बोटाने जागा दाखवू लागतो.

अपेंडिक्सचे दुखणे बेंबीजवळ सुरू होऊन काही तासांनी उजव्या बाजूला खाली का सरकते, याचे उत्तर या रचनेत आहे. आजार जागेवरच असतो. आधी अवयव स्वतः मोघम बोलतो, नंतर अस्तर नेमके बोलते. आधी बेंबीजवळ दुखते, भूक जाते, मळमळते, एखादी उलटी होते, मग उजवीकडे दुखू लागते आणि बारीक ताप येतो, असा हा नेहमीचा क्रम. दुखण्याआधीच उलट्या-जुलाब सुरू झाले असतील तर बहुधा कारण दुसरे असते. म्हणून "कुठे दुखतंय?" या प्रश्नाइतकाच "आधी कुठे दुखत होतं?" हा प्रश्न मोलाचा.

हे ज्ञान फार जुने नाही. पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला पू मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाभोवती होतो, असे डॉक्टर दीर्घकाळ मानत होते. 1886 मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी रुग्णांच्या नोंदी एकत्र मांडून दाखवले, की बहुतेक वेळा मूळ दोष अपेंडिक्समध्ये असतो आणि लवकर शस्त्रक्रिया केली तर जीव वाचतो. 1889 मध्ये न्यूयॉर्कचे चार्ल्स मॅकबर्नी यांनी जास्तीत जास्त दुखणारी जागा सांगितली: कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे रेघ ओढली, तर हाडाकडून साधारण एकतृतीयांश अंतरावर. आजही शल्यविशारदाचे बोट तिथेच जाते. 1902 मध्ये इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असताना त्यांच्या पोटातला याच आजाराचा पू काढावा लागला, राज्याभिषेक ऑगस्टपर्यंत पुढे गेला, आणि या शस्त्रक्रियेबद्दल लोकांच्या मनात असलेली धास्ती बरीच कमी झाली.

पुस्तकी क्रम सगळ्यांच्या बाबतीत चालत नाही, हेही तितकेच लक्षात ठेवायचे. लहान मुलाला नीट सांगता येत नाही आणि त्याचे अपेंडिक्स लवकर फुटते. म्हाताऱ्या माणसाला दुखते कमी, ताप येतो कमी, आजार मात्र तेवढाच गंभीर असतो. गर्भवतीचे नेहमीचे मळमळणे आणि या आजाराचे मळमळणे यांत गल्लत होते. या तिघांच्या बाबतीत संशयाचा उंबरठा खाली ठेवावा.

दुखण्याची चाल

जागेपेक्षा चाल अधिक बोलते. मूतखडा मूत्रनळीत अडकलेला माणूस एका जागी बसू शकत नाही. तो फेऱ्या मारतो, लोळतो, भिंतीला पाठ लावतो, पुन्हा उठतो. कळ कमरेच्या बाजूने उठून जांघेत आणि पुरुषांमध्ये अंडकोशापर्यंत उतरते. उलट पोटाच्या अस्तराला सूज आलेला माणूस हलायला तयार नसतो. पाय पोटाशी घेऊन निपचित पडून राहतो. खोकला आला, गाडीला खड्डा लागला, तरी तो कळवळतो. दारातून आत येतानाची ही दोन चित्रे अनुभवी डॉक्टरला निम्मी वाट दाखवतात, आणि घरच्यांनाही दाखवू शकतात.

सुरुवात कशी झाली, हेही असेच महत्त्वाचे. घड्याळ बघून वेळ सांगता येईल इतके अचानक उठलेले दुखणे म्हणजे काहीतरी फुटले, पिळले गेले किंवा अडकले असण्याची शक्यता. हळूहळू वाढत गेलेले दुखणे म्हणजे बहुधा सूज किंवा संसर्ग. येऊन जाऊन राहणारे, लाटांसारखे दुखणे म्हणजे एखादी पोकळ नळी अडथळ्याशी झगडते आहे. महिन्याच्या ठरावीक दिवशी येणारे दुखणे पाळीच्या चक्राशी जोडून पाहावे. शौचाला जाऊन आल्यावर कमी होणारे दुखणे आतड्याकडे बोट दाखवते, लघवी करताना वाढणारे मूत्रमार्गाकडे.

ब्रिटिश शल्यविशारद झॅकरी कोप यांनी 1921 मध्ये पोटाच्या तातडीच्या दुखण्यांवर लिहिलेले पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टरांनी वाचले. आधी धडधाकट असलेल्या माणसाच्या पोटात तीव्र वेदना उठली आणि ती सहा तासांच्या वर टिकली, तर ती बहुधा शस्त्रक्रियेशी संबंधित कारणामुळे असते, हा त्यांचा ठोकताळा. त्या काळी सोनोग्राफी नव्हती, सीटी स्कॅन नव्हता. त्यांचा सगळा भर रुग्णाची हकिकत ऐकण्यावर आणि हात लावून तपासण्यावर होता. तपासणीची यंत्रे गावोगाव पोचल्यावर ही दोन कौशल्ये मागे पडली, आणि त्याची किंमत रुग्ण मोजत आहेत.

पाळी, गर्भ आणि तातडी

मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीच्या ओटीपोटात दुखत असेल, तर पहिला प्रश्न पाळीचा आणि पहिली तपासणी लघवीवरची गर्भचाचणी. ही चाचणी मिनिटांत होते, स्वस्त आहे, आशाताईच्या पिशवीत तिचे किट असते. ती आधी करण्याचे कारण गर्भनलिकेतला गर्भ. शंभर गर्भधारणांमागे एक किंवा दोन गर्भ गर्भाशयाबाहेर रुजतात, त्यांतले बहुतेक नलिकेत. नलिका त्याला पेलू शकत नाही, ती फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. पाळी चुकलेली किंवा नेहमीपेक्षा वेगळी आलेली, एका बाजूला दुखणे, थोडे डाग, मग एकाएकी चक्कर, घाम, पांढरी फटक मुद्रा. पोटात साठलेल्या रक्ताने छातीखालचा पडदा डिवचला गेला की खांद्याच्या टोकाशी दुखते. खांदा दुखतो म्हणून मलम चोळण्यात गेलेला अर्धा तास अशा वेळी परवडत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा तांबी बसवली आहे, म्हणजे गर्भाचा प्रश्नच नाही, असे घरचे सांगतात आणि कधी डॉक्टरही मान डोलावतात. या उपायांनंतर गर्भ राहण्याची शक्यता फार कमी असते, हे खरे. पण राहिलाच तर तो नलिकेत असण्याचे प्रमाण जास्त असते. म्हणून "ऑपरेशन झालंय" हे उत्तर ऐकूनही चाचणी करावी.

अंडाशयावर गाठ असेल तर ते स्वतःभोवती पिळले जाऊ शकते. अचानक एका बाजूला जीवघेणी कळ आणि उलट्या, असे त्याचे रूप असते. रक्तपुरवठा तुटलेले अंडाशय वाचवायला तासच मिळतात. मुलग्यांमध्ये याचा भाऊ म्हणजे अंडकोशाचा पीळ. बारा-चौदा वर्षांचा मुलगा संकोचाने खरी जागा सांगत नाही, पोट दुखते एवढेच म्हणतो. साधारण सहा तासांत पीळ सोडवला तर अंडकोश वाचण्याची आशा चांगली असते. म्हणून पोट दुखणाऱ्या प्रत्येक मुलग्याची ती तपासणी झालीच पाहिजे, आणि आईवडिलांनी त्याला तो प्रश्न न लाजता विचारला पाहिजे.

याउलट दोन पाळ्यांच्या मधोमध एका बाजूला तासभर, दिवसभर येणारी चमक बहुधा अंडे बाहेर पडण्याची असते आणि आपोआप थांबते. पाळीच्या पहिल्या दिवशी होणारे पेटकेही बऱ्याच मुलींना होतात. पण ज्या दुखण्याने मुलगी शाळा चुकवते, वर्षागणिक ज्याची तीव्रता वाढते, जे पाळीच्या आधीपासून सुरू होते, शौचाच्या वेळी किंवा शरीरसंबंधात जाणवते, ते "सगळ्यांनाच होतं" म्हणून सोडून देऊ नये. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा एंडोमेट्रिओसिस हा आजार जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या सुमारे दहा टक्के स्त्रियांना असतो. त्याचे निदान व्हायला अनेकदा वर्षे लागतात, कारण आई, शाळा आणि दवाखाना तिघेही त्या मुलीला सहन करायला सांगतात.

गडचिरोली आणि बीड

स्त्रियांच्या ओटीपोटाच्या दुखण्याबद्दल महाराष्ट्राला जगाला सांगण्यासारखे आहे, आणि स्वतः शिकण्यासारखेही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली आणि 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त 8 टक्के. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच सरकारी हिशेब होता. बाईच्या ओटीपोटात गर्भ नसतानाही काही दुखत असेल, ही गोष्ट या अभ्यासाने जगाच्या आरोग्यधोरणात आणली. पांढरे जाणे, कंबर भरून येणे, ओटीपोटात जडपणा, अंगावरून जास्त जाणे, हे बाईच्या जातीचे भोग नसून तपासता आणि बरे करता येणारे आजार आहेत, हे त्या आकड्यांनी सांगितले.

तीस वर्षांनी, 2019 मध्ये, बीडची बातमी आली. ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याच्या तक्रारींवरून राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण सहांमागे एक. त्या सुमारास राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमधले हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते.

या बायका दवाखान्यात काय सांगत होत्या? ओटीपोटात दुखते, पांढरे जाते, अंगावरून जास्त जाते. यांची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. कोवळ्या वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणे, बाळंतपणानंतर लगेच उसाच्या मोळ्या उचलणे, फडात ना शौचालय ना पुरेसे पाणी. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक खाडा झाला तरी दंड बसतो. अशा बाईला संसर्गावर चौदा दिवसांच्या गोळ्या, जोडीदारावरही उपचार आणि पुन्हा तपासणी हा मार्ग कुणी नीट समजावून सांगितला नाही. पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, असे सांगितले गेल्याचे अनेकींनी सांगितले. दुखणे खरे होते, त्याची कारणे शोधण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

गर्भाशय काढणे ही काही आजारांवर योग्य आणि जीव वाचवणारी शस्त्रक्रिया आहे, याबद्दल शंका नसावी. पण संसर्ग नलिकांमध्ये असेल, मूत्राशयात असेल, आतडे दुखत असेल किंवा पोटाचा स्नायू दुखत असेल, तर गर्भाशय गेले तरी दुखणे राहतेच. सोबत अंडाशयेही काढली असतील तर तिशी-पस्तिशीतल्या बाईची पाळी एका दिवसात जाते. अंगातून वाफा, झोप उडणे, हाडे ठिसूळ होणे आणि पुढे हृदयविकाराचा वाढलेला धोका हे सगळे तिच्या वाट्याला येते. 2022 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ती अमलात आणण्याचे निर्देश दिले. कागदावरचा तो हक्क बाईच्या हाती यायचा असेल तर तिला तीन प्रश्न विचारता आले पाहिजेत: माझ्या दुखण्याचे कारण नक्की काय? औषधाने ते बरे होण्यासारखे आहे का? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला किती दिवस थांबता येईल? या पुस्तकाचे सर्वांत मोठे प्रकरण या तीन प्रश्नांवर आहे.

लघवी, शौच आणि भिंत

लघवीची जळजळ, वारंवार जावेसे वाटणे आणि ओटीपोटात दुखणे हा मूत्राशयाचा संसर्ग. उन्हाळी लागली म्हणून धण्या-जिऱ्याचे पाणी पिणे वाईट नाही, पण थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या बाजूला दुखू लागले तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असे समजून दवाखाना गाठावा. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असल्याने तिला हा त्रास जास्त होतो. त्यात दिवसभर शौचालय मिळणार नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या बायका शेतात, बाजारात, बंदोबस्तावर सगळीकडे आहेत. 2011 पासून मुंबईत 'राइट टू पी' या नावाने कार्यकर्त्यांनी स्वच्छ, मोफत मुताऱ्यांची मागणी लावून धरली, ती आरोग्याची मागणी होती. साठीपुढच्या पुरुषाची लघवी प्रोस्टेट वाढल्याने एकदम अडली तर ओटीपोट फुगून असह्य दुखते. नळी घातली की तो काही मिनिटांत शांत होतो.

जांघेतली अंतर्गळाची, म्हणजे हर्नियाची गाठ एरवी आडवे पडल्यावर आत जाते. ती आत जाईनाशी झाली, टणक होऊन दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकले आहे. गाठ दाबून बसवण्याचा खटाटोप न करता शस्त्रक्रिया होईल अशा रुग्णालयात जावे.

आतड्याच्या कारणांची यादी लांब आहे आणि तिची रीतसर ओळख पुढे आहेच. बद्धकोष्ठ हे सर्वांत साधे कारण, आणि लहान मुलांत सर्वांत जास्त दुर्लक्षिलेले. आव, जंत, विषमज्वराच्या तिसऱ्या आठवड्यात आतड्याला पडणारे भोक, हे आपल्याकडचे जुने शत्रू. क्षयरोग फुप्फुसापुरता असतो हा समज चुकीचा आहे. तो लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर बसतो, गर्भनलिकांतही बसतो. महिनोन्‌महिने दुखणे, वजन घटणे, संध्याकाळचा ताप असेल तर त्याची आठवण ठेवावी. पन्नाशीनंतर शौचाची सवय बदलली, रक्त पडले, अशक्तपणा वाढला तर मूळव्याधीवर खापर न फोडता मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी करून घ्यावी. सगळ्या तपासण्या ठीक असूनही आठवड्यातून एखादा दिवस तरी, महिनोन्‌महिने, शौचाशी निगडित दुखणे होत असेल, तर ते आयबीएस असू शकते. त्यात आतड्याची रचना ठीक असते, चाल आणि संवेदना बिघडलेली असते. त्या रुग्णाला "काही झालेलं नाही" असे सांगणे हा त्याचा अपमान आहे.

कधी दुखणे पोटाच्या आत नसतेच. 1926 मध्ये कार्नेट या अमेरिकन शल्यविशारदांनी एक सोपी खूण सांगितली: दुखऱ्या जागी बोट ठेवून रुग्णाला उताणे असतानाच डोके-खांदे उचलायला सांगावे. स्नायू ताठ झाल्यावर दुखणे वाढले तर कारण बहुधा भिंतीत आहे. आत असते तर ताठ स्नायूने त्याला आडोसा दिला असता. नागीण उठण्याआधी एका बाजूला पट्ट्यासारखे जळते आणि अंगावर पुरळ दिसेपर्यंत सगळे चक्रावतात. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल लक्षात ठेवावा लागतो. त्याच्या झटक्यातले पोटदुखणे अपेंडिक्सची हुबेहूब नक्कल करू शकते. नकळत मधुमेह झालेले मूलही पोटदुखी आणि उलट्या घेऊनच येते. बोटातल्या थेंबभर रक्ताने त्याचे उत्तर मिळते.

घरचे उपाय आणि यंत्रांची साक्ष

पाळीच्या पेटक्यांना गरम पाण्याची पिशवी खरोखर उपयोगी पडते. ती जरूर वापरावी. कारण माहीत नसलेल्या तीव्र दुखण्यात मात्र एरंडेल, जुलाबाची गोळी, एनिमा यांपैकी काहीही देऊ नये, कारण सुजलेले अपेंडिक्स किंवा अडलेले आतडे त्याने फुटू शकते. बेंबी सरकली म्हणून पोट रगडणाऱ्यांकडे नेण्यात मोलाचे तास जातात. मेळघाटात तान्ह्या मुलांच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डंबा देण्याची प्रथा अजूनही पूर्ण संपलेली नाही. त्या आईला रागावून काही साधत नाही. तिच्या जवळ चोवीस तास उघडा दवाखाना आणि तिची भाषा बोलणारे माणूस असले की विळा चुलीपासून दूर राहतो. वेदनाशामक दिल्याने निदान चुकते, ही जुनी समजूतही आता सोडायला हवी. गेल्या काही दशकांतल्या चाचण्यांनी ती खोटी ठरवली आहे. तपासणाऱ्या डॉक्टरांनी योग्य मात्रेत वेदना कमी केली तर रुग्ण अधिक नीट तपासता येतो. घरी आपल्या मनाने गोळ्यांवर गोळ्या घेत राहणे मात्र धोक्याचेच.

सोनोग्राफीबद्दल दोन गोष्टी मनात पक्क्या असाव्यात. ती नॉर्मल आली म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. सुजलेले अपेंडिक्स, एंडोमेट्रिओसिस, नलिकेतला अगदी लहान गर्भ तिला चुकवू शकतो, आणि मग काही तासांनी पुन्हा तपासणे हाच शहाणपणा असतो. दुसरी गोष्ट उलट बाजूची. तिच्यात काही दिसले म्हणजे तेच कारण, असेही नाही. अंडाशयावरची छोटी पाण्याची गाठ अनेकदा दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरते, गर्भाशयातली लहान फायब्रॉइडची गाठ कित्येकींना आयुष्यभर त्रास देत नाही. छायाचित्रात दिसलेल्या डागावर ऑपरेशन करायचे नसते. ते रुग्णाच्या आजारावर करायचे असते, आणि तो डाग आणि तो आजार एकच आहेत याची खात्री हकिकतीतून होते.

हे पुस्तक कसे वाचावे

दवाखान्यात जाण्यापूर्वी सांगायच्या गोष्टींचा एक तक्ता शेवटी दिला आहे: दुखणे कधी आणि कसे सुरू झाले, कुठून कुठे गेले, कशाने वाढते, कशाने थांबते, सोबत काय आहे, शेवटची पाळी कधी आली, कोणती औषधे घेतली. तो भरायला पाच मिनिटे लागतात. ज्याला बोलायला संकोच वाटतो, त्याने तो कागद डॉक्टरांच्या हाती द्यावा. डॉक्टर वाचकांना माझी विनंती एवढीच, की तो कागद पुरता वाचावा, आणि बाईच्या सोबत आलेला माणूस उत्तरे देत असेल तर त्याला क्षणभर बाहेर बसवून तिला स्वतःला विचारावे.

प्रकरणे क्रमाने वाचली नाहीत तरी चालेल. लघवीचा त्रास असलेल्याने थेट त्या प्रकरणाकडे जावे, ऑपरेशनचा सल्ला मिळालेल्या बाईने गर्भाशयाच्या. पहिले प्रकरण मात्र सगळ्यांनी वाचावे. त्यात तातडीच्या खुणा आहेत: अचानक उठलेले किंवा सतत वाढत जाणारे तीव्र दुखणे, लाकडासारखे टणक झालेले पोट, थांबत नसलेल्या उलट्या, शौच आणि वारा बंद होऊन फुगलेले पोट, चक्कर आणि गार घाम, पाळी चुकलेली असताना उठलेली कळ, थंडी वाजून ताप, शौचातून रक्त, अडलेली लघवी, अंडकोशातले दुखणे, आत न जाणारी जांघेतली गाठ. यांतले एक जरी दिसले तरी 108 ला फोन करायचा आणि निघायचे. हे प्रकरण आजच, घरात सगळे धडधाकट असताना वाचून ठेवावे. गरज पडेल त्या रात्री पाने उलटत बसायला वेळ मिळत नाही.